डिप्लोमाची स्पॅनिश, झूलॉजीचं जर्नल

परकीय भाषा शिकणाऱ्यांची गर्दी असते ती पहिल्या वर्षाला. सर्टिफिकेटच्या वर्गात बाक पुरत नाहीत. इंजिनिअरिंगची मुलं, सीएच्या परीक्षांतून वेळ काढून येणाऱ्या मुली, हिंजवडीत नोकरी करणारे, बँकेतून निवृत्त झालेले काका, सगळे आपलं नाव, गाव, वय आणि घरात कोण कोण आहे ते स्पॅनिशमध्ये सांगत असतात आणि खुशीत असतात. दिवाळीनंतर हजेरी रोडावते. परीक्षेला आणखी काही गळतात. डिप्लोमाला, म्हणजे मधल्या पातळीला जे उरतात त्यांचा पहिला उत्साह एव्हाना निवलेला असतो आणि तरी ते येत राहतात. मला या उरलेल्यांबद्दल लिहायचं आहे. त्यातही विज्ञानाची पदवी करता करता तिथे टिकून राहण्याबद्दल, कारण बी.एस्सी.ला झूलॉजी घेऊन मी तेच केलं आणि त्या दोन-तीन वर्षांनी मला जे दिलं ते नुसत्या पदवीने दिलं नसतं.

हल्ली भाषेची पातळी सहा पायऱ्यांत मोजतात. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. युरोप परिषदेने ही चौकट २००१ मध्ये प्रसिद्ध केली आणि आता पुण्यातल्या गल्लीबोळातल्या क्लासच्या पाटीवरही ती दिसते. पहिल्या दोन पायऱ्यांवर प्रगती रोज कळते. काल दुकानात भाव विचारता येत नव्हता, आज येतो. बी१ला आलं की हे थांबतं. क्रियापदांचे बहुतेक काळ वहीत उतरलेले असतात, शब्दसंग्रह बऱ्यापैकी असतो, पण माद्रिदच्या रेडिओवरची बातमी लावली की पहिल्या वाक्याचा अर्थ लागेपर्यंत तिसरं वाक्य निघून गेलेलं असतं. क्यूबातला माणूस बोलायला लागला की शब्दांच्या शेवटचे 'स' गायब होतात. चिलीचा माणूस बोलला तर आपण शिकलो ती हीच भाषा का, असा प्रश्न पडतो. अभ्यास तेवढाच चालू असतो, पण पुढे सरकल्याची खूण कुठेच दिसत नाही. बहुतेक लोक इथे सोडतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या टप्प्यावर नुसती चिकाटी पुरत नाही. त्या भाषेशिवाय भागणार नाही असं काहीतरी आपलं स्वतःचं काम लागतं. मला ते झूलॉजीने दिलं.

पण त्याआधी वेळापत्रक. भाषेचा वर्ग सकाळी लवकर, कॉलेजची लेक्चर्स त्यानंतर, आणि दुपारी प्रॅक्टिकल. ज्यांनी विज्ञान शाखेत वर्षं काढली आहेत त्यांना प्रॅक्टिकलचं जर्नल म्हणजे काय ते सांगायला नको. कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजव्या बाजूला पट्टीने ओढलेल्या रेघा आणि नावं, समोरच्या रेघी पानावर वर्णन. पर्मनंट स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, एक डोळा भिंगाला लावायचा, दुसरा कागदावर, आणि दिसतं तेवढंच काढायचं. पुस्तकातली आकृती उतरवून काढली की आमच्या मॅडमना लगेच कळायचं. हा शिस्तीचा भाग मला फार आवडायचा. भाषेला अशी सलग तीन तासांची बैठक चालत नाही. तिला रोजची थोडी थोडी वेळ लागते, बसमध्ये, रांगेत, झोपण्याआधी. एका दिवसात दोन्ही सवयी सांभाळणं हेच खरं कष्टाचं काम होतं. व्याकरण त्यामानाने सोपं.

दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलच्या बॅचची वेळ बदलली आणि ती थेट स्पॅनिशच्या वर्गावर आली. बॅच बदलून मिळावी म्हणून अर्ज केला. स्पॅनिश हा काही तुमचा विषय नाही, असं उत्तर मिळालं. शेवटी वर्गातल्या एका मुलीने आपली बॅच मला दिली आणि प्रश्न सुटला, पण ते उत्तर मला आजही पटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विज्ञानाच्या मुलांना दुसऱ्या शाखांतले विषय श्रेयांकांसाठी घेता येतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यात परकीय भाषेची मधली पातळीही मोजली जावी असं मला मनापासून वाटतं. पहिल्या पातळीची ओळख पुष्कळ ठिकाणी मिळते. आधाराची गरज पडते ती दुसऱ्या वर्षाला.

स्पॅनिशमध्ये विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त छळतो तो सुबखुन्तिवो. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत या क्रियारूपांवर प्रकरणांमागून प्रकरणं असतात. इच्छा, शंका, भावना, न घडलेली गोष्ट, प्रत्येकाच्या वेगळ्या याद्या पाठ करायच्या. मी त्या याद्या पाठ करत होते तेव्हा आमच्या प्रोफेंनी (स्पॅनिशच्या वर्गात शिक्षकांना सगळे प्रोफेच म्हणतात) फळ्यावर एक मराठी वाक्य लिहिलं. 'तू यावंस असं मला वाटतं.' आणि विचारलं, इथे 'येतेस' का नाही लिहिलं? वर्ग गप्प. शाळेत आठवी-नववीला क्रियापदाचे अर्थ शिकलो होतो, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. चार गुणांसाठी पाठ केले आणि विसरून गेलो. ते चारही इथे जिवंत होऊन समोर उभे होते. घडतं आहे ते सांगणं वेगळं आणि घडावं असं वाटणं वेगळं, हे मराठी माणसाचं क्रियापद रोज सांगत असतं. 'तो आला असता तर बरं झालं असतं' हे वाक्य आपल्याकडचं लहान मूलही बिनचूक म्हणतं. स्पॅनिशची ती लांबलचक रचना नेमकी तिथेच उभी आहे.

असंच दुसरं उदाहरण भूतकाळाचं. स्पॅनिशमध्ये दोन साधे भूतकाळ आहेत, प्रेतेरितो आणि इम्पेर्फेक्तो, आणि कुठे कोणता वापरायचा यावर परीक्षेत हमखास प्रश्न असतो. 'आम्ही नदीवर गेलो' आणि 'लहानपणी आम्ही नदीवर जायचो' यांतला फरक ज्याला कळतो त्याला अर्ध्याहून अधिक उत्तर आधीच ठाऊक आहे. फुइमोस म्हणजे गेलो, ईबामोस म्हणजे जायचो. 'मला आवडतं' याला तर शिकण्यासारखं काही उरतच नाही. मे गुस्ता. आवडणारी वस्तू कर्ता, आपण चतुर्थीत. मी कित्येक इंग्रजी माध्यमातल्या मुलांना या रचनेत अडकताना पाहिलं आहे, आणि ती मुलं घरी मराठीच बोलत होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की इंग्रजीच्या दारातून आत शिरायची सक्ती नाही.

अर्थात मराठी सगळीकडे पोचवत नाही. 'तू आलीस याचा मला आनंद झाला' या वाक्यात आलीस हे घडून गेलेलं आहे. मराठीला त्यात शंका नाही, म्हणून साधं रूप. स्पॅनिश मात्र इथेही सुबखुन्तिवो मागते, कारण वाक्याचा भार आनंदावर आहे, येण्याच्या बातमीवर नाही. ही गोष्ट अंगवळणी पडायला मला फार वेळ लागला. सेर आणि एस्तार या दोन 'असण्यां'चंही तसंच. कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार, असं सुरुवातीला शिकवतात, आणि मग 'तो मेलेला आहे' याला एस्तार लागतं असं कळतं. मृत्यू तात्पुरता कसा? प्रोफेंनी सांगितलं ते असं की काळ मोजू नका. एका बदलातून पार पडून वस्तू जिथे पोचली ती स्थिती एस्तार सांगतं. झूलॉजीच्या विद्यार्थिनीला हे चटकन पटलं. अळी, कोष, पतंग या अवस्था आहेत. जात एकच.

वर्गात आणखी एक अडचण होती आणि ती व्याकरणाच्या पुस्तकात नव्हती. स्पेनमध्ये विद्यार्थी शिक्षकांना सर्रास 'तू' म्हणतात. आमच्या प्रोफे पुण्यातल्याच. वर्गाबाहेर आम्ही 'मॅडम, तुम्ही उद्या येणार आहात का' असं विचारणार आणि आत पाऊल टाकलं की त्यांनाच 'तू'. वर्गातले निवृत्त काका, ज्यांची मुलगी व्हॅलेन्सियात आहे आणि ज्यांना नातवाशी त्याच्या भाषेत बोलायचं आहे, त्यांनी हे कधीच मान्य केलं नाही. प्रोफे त्यांच्याहून कितीतरी लहान, तरी ते शेवटपर्यंत उस्तेद म्हणजे 'आपण'च म्हणत राहिले. प्रोफेंनी त्यांना सुधारलं नाही. उलट बोगोतामध्ये जवळची माणसंसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणतात, अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'वोस' आहे, आणि 'तुम्ही सगळे'साठीचं वोसोत्रोस स्पेनबाहेर जवळजवळ वापरतच नाहीत, हे त्या निमित्ताने सांगून टाकलं. स्पॅनिश वीसेक देशांची अधिकृत भाषा आहे ही माहिती पहिल्या वर्षी नकाशावर पाहिली होती. तिचा अर्थ काकांच्या हट्टामुळे कळला. आदर कसा दाखवायचा हेसुद्धा प्रत्येक देशाने आपल्यापुरतं ठरवलेलं आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मधल्या पातळीवर एक मोठा फायदा असतो आणि तो कुणी सांगत नाही. विज्ञानाचा मजकूर कथा-कादंबरीपेक्षा पुष्कळ सोपा जातो. सेलुला, मेम्ब्राना, नुक्लेओ, क्रोमोसोमा. हे शब्द कोशात बघावे लागत नाहीत. डिप्लोमाच्या नेमलेल्या कथेत एका परिच्छेदात पाच-सहा शब्द अडायचे आणि जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचं पान एका दमात वाचून व्हायचं. शिवाय प्रयोगाचं वर्णन स्पॅनिशमध्येही आपल्या जर्नलसारखंच करतात, करणाऱ्याचं नाव न घेता. 'दोन थेंब टाकले जातात' याला से आन्यादेन दोस गोतास. थेंब दोन म्हणून क्रियापदही अनेकवचनी. तोंडी परीक्षेसाठी मी स्लाइड रंगवण्याची पद्धत स्पॅनिशमध्ये सांगितली होती, ऊतीचा तुकडा स्थिर करणं, पाणी काढून टाकणं, मेणात बसवणं, मायक्रोटोमवर पातळ काप घेणं, मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग. सकाळच्या वर्गातलं आणि दुपारच्या बाकावरचं एकाच तोंडून बाहेर पडलं ते तेव्हा. प्रोफेंनी मध्येच विचारलं की मेण का, आणि मला उत्तर देता आलं. शोधत, थांबत, पण स्पॅनिशमध्ये.

याच सुमाराला मला सांतियागो रामोन इ काहाल भेटला. चेतापेशीच्या प्रकरणात त्याचं नाव एका ओळीत येतं, इटालियन शास्त्रज्ञ गोल्जीबरोबर १९०६ चं नोबेल, आणि पुढे जातो आपण. तो स्पॅनिश होता आणि त्याने स्पॅनिशमध्ये लिहिलं, याचा माझ्याशी काही संबंध असू शकतो हे तोवर डोक्यात आलं नव्हतं. त्याचं आत्मचरित्र इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं. भाषा एकोणिसाव्या शतकातली, वाक्यं लांब आणि नटलेली, बी१च्या माणसाने हात लावू नये अशी. मी एका बैठकीत अर्धं पान वाचायची. १८५२ चा जन्म, वडील शरीरशास्त्र जाणणारे डॉक्टर, मुलाला मात्र चित्रकार व्हायचं होतं. वडिलांनी त्याला न्हाव्याकडे आणि चांभाराकडे कामाला लावून पाहिलं. लहानपणी त्याने घरी लाकडाची तोफ बनवली आणि शेजाऱ्याच्या बागेचं फाटक उडवून दिलं, त्यापायी त्याला कोठडीत राहावं लागलं. हे वाचताना मला दोन भूतकाळ पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उमगले. बालपणीच्या सवयी, गावातल्या उनाडक्या, चित्रं काढणं, सगळं इम्पेर्फेक्तोत संथ चालू असतं, आणि तोफ उडते ती प्रेतेरितोत. याद्यांनी जे केलं नव्हतं ते त्या एका प्रसंगाने केलं.

१८८७ मध्ये माद्रिदला त्याने गोल्जीच्या पद्धतीने रंगवलेली स्लाइड पहिल्यांदा पाहिली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. या पद्धतीची गंमत अशी की थोड्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या फांद्यांसकट पूर्ण काळ्या होतात आणि पिवळसर पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून दिसतात. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळा गोळा दिसला असता. बार्सिलोनात गेल्यावर काहालने दोन सुधारणा केल्या. रंगवण्याची क्रिया दोनदा केली, आणि प्रौढ मेंदूऐवजी पक्ष्यांची व सस्तन प्राण्यांची पिल्लं आणि भ्रूण घेतले, कारण त्यांच्या तंतूंवर मायलिनचं, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं, आवरण अजून चढलेलं नसतं. त्याला जे दिसलं ते त्या वेळच्या समजुतीच्या विरुद्ध होतं. मेंदू म्हणजे सलग जोडलेलं जाळं असं मोठमोठे लोक मानत होते, गोल्जीही मानत होता. काहालला प्रत्येक पेशी सुटी दिसली, दुसरीच्या जवळ जाऊन थांबणारी. १८८८ मध्ये त्याने हे छापलं ते स्वतःच काढलेल्या नियतकालिकात, पदरच्या पैशाने, साठ प्रती.

लहान मेंदूचं त्याचं वर्णन मी शब्दकोश उशाला घेऊन वाचलं आणि त्या दिवशी आमच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या संज्ञा मला वेगळ्या दिसायला लागल्या. आपण मॉसी फायबर, क्लाइंबिंग फायबर, बास्केट सेल ही नावं जड परिभाषा म्हणून घोकतो. काहालच्या पानावर ते शेवाळी तंतू आहेत, वेलीसारखे चढणारे तंतू आहेत, पुर्किन्ये पेशीच्या, म्हणजे लहान मेंदूतल्या मोठ्या चेतापेशीच्या, अंगाभोवती विणलेल्या टोपल्या आहेत. डेंड्राइटवरच्या, म्हणजे चेतापेशीच्या फांद्यांवरच्या, बारीक टोकांना त्याने काटे म्हटलं. चित्रकार व्हायचं राहून गेलेला माणूस भिंगाखाली पाहतो आहे आणि रोजच्या बोलण्यातले शब्द उचलून नावं ठेवतो आहे, हे त्या मूळ मजकुरात सरळ दिसतं. जर्नलमध्ये मी त्या पेशीची आकृती नव्याने काढली. मॅडमनी सही करताना मान वर करून विचारलं, ही कुठून पाहून काढलीस? मी स्लाइडच दाखवली. ती तीच होती. पाहायला शिकवणारा मात्र दुसराच कुणी होता.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग. १८८९ च्या ऑक्टोबरात बर्लिनला जर्मन शरीरशास्त्रज्ञांची परिषद भरली. काहाल आपला सूक्ष्मदर्शक आणि स्लाइडी घेऊन तिथे गेला. त्याचं स्पॅनिश लेखन जर्मनीत कुणी वाचलेलं नव्हतं, वाचणार तरी कोण. जर्मन बोलता येत नव्हतं. फ्रेंच यायची, पण मोडकी. त्याच मोडक्या फ्रेंचमध्ये त्याने अल्बर्ट क्योलिकरला, त्या काळच्या सर्वांत मोठ्या ऊतिशास्त्रज्ञाला, गाठून आपल्या स्लाइडींपर्यंत आणलं आणि दाखवलं. क्योलिकर तेव्हा ७२ वर्षांचा होता. त्याने पाहिलं, मान्य केलं, परत जाऊन ते प्रयोग स्वतः केले आणि काहालच्या बाजूने उभा राहिला. त्याचे लेख वाचता यावेत म्हणून क्योलिकर त्या वयात स्पॅनिश शिकला असंही सांगतात. चेतापेशीचा सिद्धान्त युरोपात मान्य होण्याची वाट एका मधल्या पातळीवरच्या फ्रेंचमधून गेली आहे. आमच्या वर्गात बी१ म्हणजे 'अजून नीट येत नाही' असं सगळे धरून चालतात. मला वाटतं बी१ म्हणजे काम करता येतं. दाखवायला हातात स्लाइड असली पाहिजे.

काहालबद्दल विचार करताना मराठी माणसाच्या मनात दुसरा एक प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. विज्ञानात मागे पडलेल्या मानल्या गेलेल्या देशात बसून त्याने आपलं मुख्य लेखन आपल्या भाषेत केलं. चेतासंस्थेवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८९९ ते १९०४ या काळात स्पॅनिशमध्ये निघाला. त्याची किंमतही त्याने मोजली, फ्रेंचमध्ये भाषांतरं करवून घ्यावी लागली, परिषदांना खेटे घालावे लागले. तरीही आज स्पॅनिश मुलाला चेतापेशीबद्दल त्याच्याच भाषेत, पहिल्या हाताने लिहिलेलं वाचता येतं. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवण्याचं काम निष्ठेने करते आहे आणि त्यांचं लेखन वाचतच आमच्या पिढीतले कित्येक जण विज्ञानाकडे वळले. पण मूळ संशोधन मराठीतून लिहिण्याचा विचार आम्ही कॉलेजात कधी बोलण्यातही आणला नाही. मला स्पॅनिश शिकताना याची रुखरुख लागली आणि ती अजून आहे. इंग्रजीवर राग नाही, तिच्यावाचून माझं चालणार नाही. पण इंग्रजीपलीकडचं विज्ञान म्हणजे दुय्यम असं आपण न बोलता मानत आलो आहोत, आणि ते खोटं आहे.

त्याचं आणखी एक उदाहरण तिसऱ्या वर्षी परजीवीशास्त्र शिकताना सापडलं. डास आणि रोग म्हटलं की आपल्याकडे रोनाल्ड रॉसचं नाव येतं. ते रास्तच आहे, सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याने डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. त्याच्या सोळा वर्षं आधी, १४ ऑगस्ट १८८१ रोजी, हवानाच्या विज्ञान अकादमीत कार्लोस फिनलाय या क्यूबन डॉक्टरने एक निबंध वाचला होता. पीतज्वर (यलो फीव्हर) एका माणसाकडून दुसऱ्याकडे डास नेतो, असं त्याचं म्हणणं. आणि त्याने बोट ठेवलं ते नेमक्या डासावर, ज्याला आज आपण एडिस इजिप्ती म्हणतो, डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे लोक आपल्या कुंड्यांखालच्या बशांत ज्याच्या अळ्या शोधतात तोच. जवळपास वीस वर्षं फिनलायचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. १९०० मध्ये वॉल्टर रीडच्या अमेरिकन आयोगाने प्रयोग केले तेव्हा डासांची अंडी फिनलायनेच दिली. नाव पुष्कळ ठिकाणी रीडचं राहिलं.

तो निबंध मी मूळ स्पॅनिशमध्ये वाचला. काहालच्या मानाने खूपच सरळ भाषा. त्याच्या मथळ्यातच 'गृहीतक म्हणून' असा स्पष्ट शब्द आहे. डासाची सोंड, मादीच्या रक्त पिण्याच्या आणि अंडी घालण्याच्या सवयी, हे सगळं तो साध्या वर्तमानकाळात सांगतो, कारण ते त्याने पाहिलेलं आहे. शेवटी तो रोग पसरण्यासाठी लागणाऱ्या तीन अटी मांडतो आणि तिथे पोचताच क्रियापदं बदलतात. ज्याच्या केशवाहिन्यांत डासाला आपल्या सुया खुपसता याव्यात असा, रोगाच्या योग्य टप्प्यावरचा रुग्ण. त्याला चावल्यापासून, ज्या चाव्यातून रोग उपजावा त्या पुढच्या चाव्यापर्यंत डासाचं जगणं. आणि तोच डास यानंतर ज्यांना चावेल त्यांच्यात रोग होऊ शकेल असा कुणी असणं. तिन्ही अटींत सुबखुन्तिवो. पाहिलेलं आणि अजून सिद्ध व्हायचं आहे ते, यांच्यातली सीमा फिनलाय क्रियापदानेच आखतो. एवढी सचोटी मी फार थोड्या शोधनिबंधांत पाहिली आहे.

सध्या मी या निबंधाचं मराठी भाषांतर करते आहे. बी२ची परीक्षा पुढे आहे, एम.एस्सी.चं काम आहे, त्यामुळे रविवार तेवढे हातात असतात. मसुदा वाचायला काकांना देते. ते विज्ञानाचे नाहीत, पण त्यांचं मराठी चोख आहे आणि आता स्पॅनिशही. पहिल्या अटीत 'याव्यात'च्या जागी 'येतील' केलं तर वाचायला सोपं जाईल असं ते म्हणाले. मी 'याव्यात'च ठेवलं, कारण १८८१ मध्ये फिनलायला ते माहीत नव्हतं, त्याला तसं वाटत होतं, आणि मराठी वाचकालाही ते तसंच कळलं पाहिजे. हे कारण सांगितल्यावर काकांनी ते मान्य केलं. दुसरी अटही झाली आहे. तिसरी स्पॅनिशमध्ये एकाच वाक्यात आहे. मराठीत काकांना तिची दोन सुटसुटीत वाक्यं हवी आहेत, मला एकच ठेवायचं आहे, आणि त्यावर आमचं एकमत अजून झालेलं नाही.